झरोक्याचे चार खिळे

दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाला गेला, की उगल्यांच्या मळ्यात थंडीची तयारी निघते. हे नवसाबाईनं लावलेलं वळण. आधी गोधड्या उन्हात, मग पडवीच्या पत्र्याच्या फटींत चिंध्या, मग उत्तरेच्या भिंतीला शेणमातीचा जाड हात, आणि शेवटी मोडलेल्या द्राक्षबागेची खोडं फोडून न्हाणीमागं रचायची. दिंडोरीकडची थंडी म्हणजे चेष्टा नव्हे. नाशकातली माणसं नवं स्वेटर काढून थंडीचं कौतुक करतात. इथं पौषात द्राक्षाच्या पानावरचं दव पांढरं होऊन गोठतं आणि एका रात्रीत घड हातचे जातात. बर्फ बघायला सिमल्याला कशाला जायला पाहिजे, पहाटे बागेत जाऊन पानावरून हात फिरवा, असं नवसाबाई म्हणायची.

यंदा नवसाबाई नव्हती. गेल्या पौषात, चार अंशांची थंडी पडली त्या रात्री ती झोपेतच गेली. तरी वळण कुणी मोडलं नाही. लेक मीना देवळ्याहून चार दिवस आधीच आली आणि आईच्या लुगड्यांची गोधडी शिवायची म्हणून पडवीत पथारी टाकून बसली. आणि नवसाबाईचे मालक, ऐंशीला टेकलेले पुंजाराम तात्या शिडी घेऊन उत्तरेच्या भिंतीकडं निघाले.

"तात्या, थांबा. मी धरते शिडी," सून मनीषा हातातला शेणाचा गोळा टाकून धावली.

तात्या थांबले. तिच्याकडं बघितलं नाही. "मीना," त्यांनी हाक मारली, "ये, शिडी धर."

मनीषा दोन पावलं मागं सरली. तिला ह्याची सवय झाली होती, म्हणजे झाली होती असं ती स्वतःला सांगत असे. नवसाबाई गेल्यापासून तात्यांनी सुनेशी एक शब्द काढला नव्हता. काय सांगायचं ते 'सांग तिला' म्हणून दुसऱ्याच्या तोंडून. तिच्या हातचा चहासुद्धा नाही. तिच्या नवऱ्यानं, जीवननं आणून दिला तर घ्यायचा, तो बागेत असला तर बिनचहाचं राहायचं. दहा महिने झाले. म्हातारा हट्टाला पेटला की पेटला.

मीनानं शिडी धरली. तात्यांच्या खांद्यावर द्राक्षावर घालायच्या प्लॅस्टिकच्या कागदाचा तुकडा होता आणि कनवटीला सुतळी. नवसाबाईच्या खोलीच्या खिडकीवर, वीतभर उंचीचा झरोका. त्याच्या चार कोपऱ्यांना चार खिळे. तात्यांनी कागद झरोक्याला लावून माप बघितलं.

"लय मोठा झाला हा. गेल्या साली बरोबर मापाचा तुकडा होता. कुठं गेला कोण जाणे. वाऱ्यानं उडाला असंल."

"गेल्या साली बी लावला होता का तुम्ही?" मीनानं सहज विचारलं.

"तर! तुझी आई कुडकुडत होती दोन दिवस. मी त्या दिवशी सांजच्याला बाहेरून लावून टाकला. तिला बोललोच नाय. बोललो असतो तर म्हणली असती, शिडीवर कशाला चढता ह्या वयात." तात्या वरूनच हसल्यासारखे झाले. "यंदा मी निजणार तिच्या खोलीत. डाक्टर म्हणला ना, छातीला वारं लागाय नको. घमेलंभर निखारे ठेवायचे, दार लावायचं, झालं. आज दुपारपासूनच खोली तापवतो."

"चांगलं होईल," मीना म्हणाली. "पडवीत निजून निजूनच छाती भरली तुमची."

मनीषा भिंतीला टेकून उभी होती. हाताचं शेण वाळत चाललं होतं. ती एकदम वळली आणि काही न बोलता बागेच्या वाटेला लागली.

*

ती कधी धावत नसे. आज बांधावरून जवळजवळ धावतच गेली.

त्या पहाटेचं तिला सगळं आठवत होतं. तात्या आणि जीवन रात्रभर बागेत शेकोट्या करत होते, घड वाचवायला. सासूला चहा द्यायला म्हणून तिनं खोलीचं दार ढकललं आणि आतली कोंदट ऊब तोंडावर आली. डोकं गरगरलं. घमेल्यातले निखारे वरून राखेनं माखले होते, आत अजून लाल होते. सासू कुशीवर निजल्यासारखी होती. हाक मारली, हलवलं, अंग सैल. मनीषा खिडकी उघडून श्वास घ्यायला वाकली तेव्हा वर नजर गेली. झरोका बंद होता. वर्षानुवर्षं नवसाबाई खोलीत निखारे ठेवून निजायची, कधी काही झालं नव्हतं, कारण तो झरोका उघडा असायचा.

सुतळीच्या गाठी बघताच कळलं कुणाच्या ते. तात्या दोन वेढे देऊन टोक आत खुपसतात, वेल बांधल्यासारखं. तसं घरात दुसरं कुणी बांधत नाही.

बागेत तात्यांचा खोकला ऐकू येत होता. ते घराकडं निघाले होते. मनीषानं बाहेर जाऊन, शिडी लावून कोयत्यानं सुतळी कापली, कागद पदराखाली घेतला आणि पेटीत टाकला. विचार असा काही केलाच नव्हता. एवढंच कळलं होतं की बायको गेली हे म्हातारा सोसेल, पण आपल्या हातानं गेली हे नाही सोसणार.

मग माणसं आली. त्यांनी बघितली उघडी खिडकी आणि तिच्यातून येणारं बर्फासारखं वारं, आणि त्या वाऱ्यात पडलेली म्हातारी. देवळ्याहून आलेली मीना उंबऱ्यातच ओरडली होती, "खिडकी कुणी उघडी ठेवली? आईला थंडीनं मारलं गं हिनं!" मनीषा तेव्हा गप्प राहिली. एकदा गप्प राहिलं की मग दुसऱ्या दिवशी बोलणं अवघड होतं, आणि महिन्यानं तर अशक्यच.

जीवन बागेत फवारणीच्या टाकीत औषध कालवत होता. तिला तशी येताना बघून त्यानं काठी बाजूला ठेवली.

"काय झालं?"

"तात्यांना त्या खोलीत निजू देऊ नका. हॉलमध्ये निजू दे. नाहीतर आपल्या खोलीत, आपण हॉलमध्ये झोपू."

"अगं, पण त्यांनीच ठरवलंय. मीनाअक्का पण म्हणली, आईच्या खोलीत बरं वाटेल त्यांना."

"झरोका बंद करतायत ते. निखारे ठेवणार आत. तुम्ही त्यांना सांगा, झरोका उघडा ठेवा म्हणून. तेवढं तरी सांगा."

जीवननं तिच्याकडं बघितलं. तो वाईट माणूस नव्हता. बापासमोर बायकोची बाजू घ्यायची वेळ आली की त्याला नेमकं बागेत काम निघायचं, एवढंच.

"मनीषा," तो हळू म्हणाला, "तू झरोका उघडा ठेवा म्हणून सांगतेस हे मी त्यांना सांगू? गेल्या वर्षीच्या खिडकीवरून अजून घर सावरलं नाही. अक्का काय म्हणेल? हिला आता तात्यांना पण वाऱ्यात निजवायचंय?"

"तुम्हाला पण तसंच वाटतं? खिडकी मी रात्रभर उघडी ठेवली होती?"

त्यानं काठी उचलली आणि तो टाकी ढवळायला लागला. दहा महिन्यांत तिनं हा प्रश्न त्याला पहिल्यांदा विचारला होता. मनीषाला रडू आलं. तोंड फिरवून ती आल्या वाटेनं परत निघाली.

*

मीनाला लुगडी पुरत नव्हती. गोधडीच्या मधल्या थराला अजून दोन तरी हवी होती. आईची उरलेली लुगडी मनीषाच्या खोलीत पेटीत आहेत हे तिला माहीत होतं. 'मनीषा!' म्हणून दोनदा हाक मारली, उत्तर नाही. गेली असेल नवऱ्याचे कान भरायला, असं म्हणत ती स्वतःच उठली आणि पेटी उघडली.

आईची हिरवी इरकल वरच होती. तिच्या खाली मनीषाचा लग्नातला शालू. शालू उचलला तसं काहीतरी कुरकुरलं. द्राक्षाचा कागद, चार घड्या घातलेला.

लग्नाच्या शालूखाली प्लॅस्टिकचा कागद कोण ठेवतं? मीनानं उलगडला. वीतभर उंच, हातभर रुंद. चारी कोपऱ्यांना सुतळीच्या गाठी तशाच होत्या, पुढची टोकं मात्र कापलेली. दोन वेढे आणि टोक आत खुपसलेलं. लहानपणी बागेत तात्यांनी तिला तीच गाठ शिकवली होती, आणि तिला ती कधी जमली नव्हती.

'गेल्या साली बरोबर मापाचा तुकडा होता.'

मीना पेटीशेजारी खाली बसली. तिला आईचा चेहरा आठवला. थंडीनं गेलेलं माणूस निळं पडतं, काळवंडतं. आईच्या गालांवर लाली होती, ओठ लाल होते. मळ्यातल्या बायका म्हणत होत्या, सवाशीण गेली बाई, कसं तेज आलंय तोंडावर. आणि मीनानं रडत रडत त्या तेजाला कुंकू लावलं होतं.

दाराशी मनीषा उभी राहिली. तिनं कागद बघितला आणि दार आतून लोटून घेतलं.

"ताई, ते ठेवून द्या."

"हे झरोक्याला होतं?"

"हळू बोला. तात्या ऐकतील."

"निखारे आत, आणि हे बाहेरून..." मीनानं कागद जमिनीवर पसरला. "आणि खिडकी? खिडकी तू सकाळी उघडलीस?"

मनीषानं मान हलवली.

"मग तोंड शिवलं होतं का गं तुझं? मी तुला काय काय बोलले! भर माणसांत बोलले, तुझ्या आईसमोर बोलले. एकदा तरी म्हणायचं होतंस!"

"काय म्हणायचं होतं? तात्या, तुमच्याच हातानं झालं, असं?" मनीषा खाली बसली. "तुम्ही दोन दिवसांनी देवळ्याला गेलात, ताई. तात्या जेवत नव्हते. रात्री उठून आईंच्या पांघरुणाला हात लावून बसायचे. त्या माणसाला मी हे सांगू? माझ्यावर राग धरलाय ना, धरू दे. राग करायला कुणीतरी आहे म्हणून उठतात सकाळी, असं वाटायचं मला."

मीनानं तिचा हात धरला. शेणानं खडबडीत झालेला तो हात तिनं कपाळाला लावला आणि ढसाढसा रडली. मनीषाला काय करावं कळेना. दहा महिने तिनं ह्याच बाईच्या नजरेला नजर दिली नव्हती.

रडणं ओसरलं तशी मीनाची अक्कल जागी झाली. "पण हे तात्यांना कळता कामा नये. शप्पथ आहे तुला. कळलं तर ते पौष बघायचे नाहीत."

"आणि नाही कळलं तर?" मनीषा म्हणाली. "आज रात्री तिथं निजणार आहेत ते."

 मीना तटकन उठली. "मी बघते," म्हणाली, आणि डोळे पुसून बाहेर गेली.

बाहेर तिनं सगळे उपाय करून पाहिले. तात्या, हॉलमध्ये निजा, टीव्ही आहे. तात्या, माझ्याबरोबर देवळ्याला चला, नातवंडं वाट बघतायत. तात्या, आईच्या खोलीत मला भीती वाटते. शेवटी रागावून बघितलं. तात्या शिडीवरून ऐकत होते आणि सुतळी ओढत होते.

"सकाळी तर 'चांगलं होईल' म्हणत होतीस. आता काय झालं?" ते म्हणाले. "तिची खोली हाय ती. चाळीस वर्सं तिला थंडी वाजली आन मी बागेत शेकोटी करत बसलो. घड वाचवले. आता मला तिथं निजू दे."

मीना पुढं झाली आणि तिनं शिडी धरली. 

*

तात्यांना शेवटची गाठ मारायला वेळ लागला. बोटं आता पूर्वीसारखी वळत नव्हती. कागद ताणून बसला, कुठून फट राहिली नाही, तेव्हा त्यांना बरं वाटलं. काम नीट झालं की माणसाला बरं वाटतं. खाली मीना शिडी धरून उभी होती, तिचे डोळे सुजले होते. आईची आठवण आली असेल, त्यांना वाटलं. खोडांचे निखारे घमेल्यात रसरसले होते. ते त्यांनी मघाशीच खोलीत नेऊन ठेवले होते. जीवन बागेतून आला होता आणि पडवीच्या खांबाला टेकून उगाच उभा होता.

मनीषा घरातून बाहेर आली. तिनं हात धुतले होते, पदर खोचला होता. ती शिडीच्या पायथ्याशी येऊन उभी राहिली आणि वर बघत थेट बोलली. ह्या वेळी ती मागं सरणार नव्हती.

"तात्या, एक विचारायचं होतं. लग्न होऊन आले त्या वर्षी मी बेदाण्याच्या शेडमध्ये घुसले होते. आठवतं?"

 तात्यांना आठवलं. बेदाण्याला गंधकाची धुरी दिलेली, शेड चारी बाजूंनी कागदानं बंद, आणि ही नवी पोर दार उघडून सरळ आत निघालेली. त्यांनी दंडाला धरून बाहेर ओढली होती तिला.

"तुम्ही मला केवढ्यांदा ओरडला होतात," मनीषा म्हणाली.  "म्हणाला होतात, जिथं आत विस्तव हाय आन कागद लावलाय, तिथं जायचं नाय. आधी कागद सोडायचा, वारं खेळू द्यायचं, मग आत पाय टाकायचा. नायतर माणूस निजल्यासारखं पडतं, म्हणाला होतात. मजुरांना पण दर साली हेच सांगायचात."

"मनीषा!" मीना ओरडली. "गप बस!"

"ताई, नाही आता." मनीषानं वर बघितलं. "तात्या, मग ह्या खोलीला कागद का लावताय?"

तात्यांचा हात गाठीवर होता. तो तिथंच राहिला.

ते शिकलेले नव्हते, पण मंद नव्हते.  निजल्यासारखं पडतं. घमेलं. त्या सांजेला त्यांनी इथंच उभं राहून चार गाठी मारल्या होत्या. दोन वेढे, टोक आत. नवसाबाई आत भाकरी खात होती, तिला काही कळलं नव्हतं. 'कागद वाऱ्यानं उडाला असंल.' त्यांच्या हातची गाठ वाऱ्यानं सुटत नाही. तीस वर्षांत गारपिटीतसुद्धा सुटली नव्हती.

"मीना," ते म्हणाले.  "इचार तिला. गेल्या सालचा कागद कुणी काढला?"

मीनानं विचारलं नाही. ती शिडीला डोकं टेकून रडत होती.

"मी काढला," मनीषा म्हणाली.

"इचार तिला, कधी?"

"पहाटे. आईंना बघितल्यावर. खिडकी पण तेव्हाच उघडली."

जीवन खांबापासून पुढं आला. त्यानं बापाकडं बघितलं, बहिणीकडं बघितलं, आणि मग बायकोकडं बघायची त्याला हिंमत होईना. तो परत मागं सरला आणि पडवीच्या पायरीवर बसला.

तात्या एक एक पायरी उतरले. खाली आल्यावर शिडीच्या शेवटच्या दांडीवर तसेच बसले. हात मांडीवर उताणे ठेवले होते आणि ते त्या हातांकडंच बघत होते. कुणी जवळ गेलं नाही. गोधडी शिवायची सुई पडवीत तशीच टोचलेली होती, उन्हात नवसाबाईची लुगडी वाळत होती. 

"वरीसभर," ते म्हणाले, "मी हिच्या हातचं पाणी घेतलं नाय. मीना, इचार तिला, मला का नाय सांगितलं?"



"तुम्ही जगला नसता, तात्या," मनीषा म्हणाली.

"आन आज?"

"आज सांगितलं नसतं तरी जगला नसता."

 त्यांनी तोंड उघडलं, पण आतून नुसता श्वास आला, आणि मग ते रडले. उघड्यावर, लेकीसमोर, लेकासमोर, पटका डोळ्यांना लावून. नवसाबाई गेली तेव्हाही ते असे रडले नव्हते. तेव्हा त्यांना राग करायला माणूस होतं.

जीवन उठला. खोलीत जाऊन त्यानं घमेलं बाहेर आणलं आणि अंगणात मोकळ्यावर ठेवलं. मग तो मनीषाजवळ आला. "मघाशी बागेत तू विचारलंस," तो म्हणाला, "मी बोलायला पाहिजे होतं." तिनं नुसतं 'हं' केलं. एवढ्यावर ते मिटणार नव्हतं, आणि ते दोघांनाही कळत होतं.

तात्यांनी पटक्यानं तोंड पुसलं. गुडघ्यांवर हात देऊन उभे राहिले.

"पौषात वर्षश्राद्धाला भावकी जमंल," ते म्हणाले. "तवा मी सांगणार सगळ्यांना. खिडकी कुणी उघडली, कशासाठी उघडली आन झरोका कुणी बंद केला. कुणी आडवं यायचं नाय."

"तात्या, कशाला आता..." मीना म्हणाली.

"तू बोलली होतीस ना भर माणसांत? मग ऐकशील बी भर माणसांत."

मीनानं मान खाली घातली.

तात्या पडवीत गेले, अवजारांच्या डब्यात हात घालून खडखड करत राहिले आणि पक्कड घेऊन परत आले. झरोक्याकडं बघितलं. ताणून बसवलेल्या कागदावर दुपारचं ऊन चमकत होतं, आणि त्याच्या चार कोपऱ्यांना ते चार खिळे होते. नुसता कागद काढून भागणार नव्हतं. खिळे राहिले तर पुढच्या थंडीत, त्याच्या पुढच्या थंडीत, कुणीतरी प्रेमानं पुन्हा कागद बांधणार.

त्यांनी पहिल्या दांडीवर पाय ठेवला. सवयीनं मीना पुढं झाली.

"तू ऱ्हाऊ दे," तात्या म्हणाले.

ते वळले. दहा महिन्यांनी त्यांनी सुनेच्या तोंडाकडं बघितलं. पोरगी वाळली होती. कानाजवळ दोन केस पांढरे झाले होते, ते त्यांना माहीत नव्हतं.

"मनीषा," ते म्हणाले, "शिडी धर गं."